योझियासची उपकारस्तुती आणि शेजारचा खांब

माझा मेहुणा योझियास वेलेमन देवाचे आभार मानण्यात पटाईत होता. आमच्या कोर्तेदैक गावात आभार सगळेच मानत, तो रिवाजच होता, पण योझियासचा हात धरणारं कोणी नव्हतं. गायीनं लाथ मारून नडगी फोडली तर गुडघा वाचला म्हणून तो आभार मानी. बीट सडलं तर गहू टिकला म्हणून, आणि गहूही आडवा झाला तर आपला गर्व उतरवल्याबद्दल. माझी बहीण तान्ना, म्हणजे त्याची बायको, एकदा वैतागून मला म्हणाली, "ह्याच्या डोक्यावर घर पडलं ना, तर विटा चांगल्या भाजलेल्या होत्या म्हणून हात जोडेल."

माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. लबाड माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. नवरा गेल्यावर चर्चची झाडलोट, शेगडी आणि घंटा माझ्याकडे आली, आणि चर्च झाडणाऱ्या बाईला बाकांखाली काय काय सापडतं ते पाळकाला कधी कळत नाही. योझियासच्या बाकाखाली पेपरमिंटच्या कागदाशिवाय कधी काही सापडलं नाही. प्रवचनाचे मुद्दे तीन, म्हणून गोळ्या तीन. तिसरी गोळी संपायच्या आत पाळकानं आवरलं नाही तर तो त्याबद्दलही आभार मानत असावा.

आमच्या चर्चच्या मंडळीत, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंटांत, विमा कोणी घेत नसे. 'देव आमचा राखणदार' असं रविवारी गायचं आणि सोमवारी कागदावर सही करून दुसराच राखणदार नेमायचा, हे शोभत नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. गुरांना लस नाही, आणि छपरावर वीज जमिनीत उतरवणारी सळईसुद्धा नाही. देवानं बोट दाखवलं तर ते अडवणारे आपण कोण? आता हेही खरं की मंडळीचे थोरले कारभारी आद्रियान्से यांचं कोठार कौलारू होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आकाशाला टेकलेली पॉप्लरची झाडं होती, त्यामुळे त्यांची श्रद्धा अढळ होती. योझियासचं कोठार उघड्या बांधावर एकटं उभं. डांबर फासलेल्या काळ्या फळ्या, वर गवताचं जाड छप्पर, आत जवसाचे भारे आणि गायी. आजूबाजूला मैलभर झाड नाही. वीज चुकूनमाकून कोर्तेदैकला आलीच, तर तिला पत्ता विचारायची गरज पडली नसती.

ढग गडगडू लागले की योझियास सगळ्या घराला कामाचे कपडे उतरवून काळे कपडे घालायला लावी. देव बोलत असताना शेणाच्या बुटांत बसायचं नाही. मग सगळे टेबलाभोवती बसत, तो स्तोत्र वाची, आणि तान्ना मनातल्या मनात गायी सोडायला किती वेळ लागेल त्याचा अंदाज घेत बसे. ढग निघून गेले की आभार.

त्याच्या कोठारामागे एक चर होता आणि चरापलीकडे गुस्त बार्त राहायचा. गुस्त नदीपलीकडच्या फ्लेमिश मुलखातून, म्हणजे बेल्जियममधून आलेला. नांगर, पंप, दुधाची यंत्रं दुरुस्त करायचा, एकटाच. जन्मानं कॅथलिक, पण कुठल्याच देवळाची पायरी चढायचा नाही. धड कॅथलिक असता तरी आम्हाला त्याच्याशी भांडायला विषय मिळाला असता. त्याचं तोंड फाटकं होतं आणि हातात जादू होती, म्हणून गावानं असं ठरवून टाकलं होतं की नांगर मोडला की गुस्तकडे जायचं आणि नांगर नीट झाला की देवाचे आभार मानायचे.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला ह्या गुस्तनं टीव्ही आणला. गावातला पहिला. आणि चराच्या काठावर, योझियासच्या कोठाराला जवळजवळ खेटून, पंपाचे पाईप एकावर एक जोडून भला उंच खांब उभा केला. त्याच्या टोकाला अँटेना. योझियासनं चराच्या अलीकडून विचारलं, "गुस्त, हे माझ्या डोक्यावर कशाला? तुझं धुराडं काय वाईट होतं?"

"तिथून बेल्जियम नीट दिसत नाही," गुस्त म्हणाला. "सायकल शर्यतीत पहिल्या दहात कोण आहे तेच कळत नाही. मुंग्या पळाल्यासारखं दिसतं."

"शर्यती रविवारी असतात."

"असतात ना. तुम्ही सगळे चर्चमध्ये असता, गावात कशी शांतता असते. मजा येते."

आद्रियान्सेंनी त्या खांबाला 'सैतानाचं दाताळं' असं नाव ठेवलं आणि मंडळीला बजावलं की तिथून जाताना डोळे खाली ठेवावेत. आम्ही ठेवले. कोर्तेदैकला नजर खाली ठेवायची सवय होतीच, तिथे सायकल चालवताना थोडी अडचण व्हायची एवढंच.

जून महिन्यातल्या एका रविवारी, दुपारची उपासना चालू असताना वीज पडली. आम्ही स्तोत्र गात होतो. आमच्याकडे इतकं सावकाश गातात की एका ओळीत अख्खं वादळ येऊन जातं. बाहेर येऊन बघतो तर बांधावरून धूर. तान्नाच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे काळे कोट धावत सुटले, मीही घंटेची दोरी तशीच सोडून धावले.

योझियासचं कोठार जसंच्या तसं होतं. छपरावरची एक काडी हललेली नव्हती. गुस्तचा खांब मात्र मधोमध फाटून वाकला होता, तारेच्या वाटेनं वीज घरात शिरली होती, टीव्हीची काच फुटून खोलीभर झाली होती आणि भिंत काळी ठिक्कर पडली होती. गुस्त दारात उभा होता. त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायम आश्चर्य.

"शेवटचा चढ होता," तो म्हणाला. "कोण जिंकलं कोणाला माहीत आहे?"

आद्रियान्सेंनी टोपी काढली. "रविवारचा दिवस," ते म्हणाले, "सैतानाची पेटी चालू. आणि प्रभूचं बोट नीतिमानाच्या कोठाराला वळसा घालून नेमकं इथे येतं. बंधूंनो, आणखी काय पुरावा पाहिजे?"

कोणाला पाहिजे नव्हता. आठवडाभर गाव येऊन खिडकीतून ती काळी भिंत बघून गेलं. भुवयांचं काय झालं, हे गुस्तला कोणी विचारलं नाही. योझियासला मात्र रस्त्यात थांबवून लोक हात मिळवत होते. त्याच वसंतात एक म्हातारे कारभारी वारले होते, त्यांची जागा रिकामी होती. जुलैत मंडळीतल्या पुरुषांनी मत दिलं, आणि ज्याच्या कोठाराला देवानं स्वतः वळसा घातला त्याच्याशिवाय दुसरं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. योझियास कारभारी झाला आणि पुढच्या बाकावर गेला. त्याच्या पेपरमिंटचे कागद मी आता तिथून उचलू लागले.

ऑगस्ट आला. जवस, गहू, सगळं कोठारात भरलं, छपरापर्यंत. आणि एका दुपारी तान्ना माझ्याकडे आली ती कॉफीला हात न लावता बसून राहिली.

"ह्याला झोप नाही," ती म्हणाली. "ढग आले की काळा कोट घालतो, बायबल उघडतो, आणि बघतो कुठे? खिडकीतून चराकडे. मी म्हटलं, देव वर आहे, तू तिकडे काय शोधतोस? तर पान उलटलं."

"खांब नाही आता तिथे."

"तेच तर. अगं, भरलेलं कोठार आहे. गायी आहेत. एक ठिणगी पडली तर संध्याकाळपर्यंत आम्ही भिकेला लागू. आणि कारभारी झाल्यावर घाबरायची सोय नाही."

दुसऱ्या दिवशी योझियास गुस्तकडे गेला. हे सगळं मला त्यानंच पुढे सांगितलं, आणि योझियास सांगताना एक शब्द इकडचा तिकडे करणारा नव्हता. चरावर फळी होती, तरी तो रस्त्यानं वळसा घालून गेला, म्हणजे कोणी बघितलं तर नांगराच्या कामाला आलो म्हणता येईल. नांगर त्यानं नेला नव्हता. अशा गोष्टींत त्याला गती नव्हती.

गुस्त अंगणात पंप उघडून बसला होता. भुवया थोड्या उगवल्या होत्या.

"खांब पुन्हा उभा करणार का?" योझियासनं विचारलं.

"तक्रार घेऊन आलास होय? नाही करत. देवाचं बोट होतं म्हणे ते. माझ्या भुवया गेल्या त्या बोटापायी."

योझियास टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "केलास तर बरं होईल."

गुस्तनं पाना खाली ठेवला. "पुन्हा म्हण."

"ऐकलंस तू."

"ऐकलं, पण गोड लागलं, म्हणून पुन्हा म्हण."

"खांब उभा कर, गुस्त. माझं कोठार भरलेलं आहे."

"मग स्वतःच्या छपरावर सळई लाव की! तांब्याची तार माझ्याकडे पडली आहे. अर्ध्या दिवसाचं काम."

"मला लावता येत नाही. तुला माहीत आहे."

"म्हणजे तुझा देव राखणार, पण ऊन-पावसात उभं राहायचं माझ्या लोखंडानं."

योझियासला खोटं बोलता येत असतं तर तो एवढा अडकलाच नसता.

गुस्तनं तेलकट हात विजारीला पुसले. "एक विचारू? लाथ खाल्लीस तरी आभार मानतोस, सगळं गाव सांगतं. त्या रविवारी संध्याकाळी मानलेस ना?"

"मानले."

"कोणाचे?"

"देवाचे."

"त्याच्याकडे ढीग पडला असेल रे. माझ्याकडे एक नाही. जूनपासून तू चरापलीकडून 'कसं काय' एवढंसुद्धा विचारलं नाहीस." आणि मग तो म्हणाला, "उभा करतो. पण आभार माझे मानायचे, नाव घेऊन. इथे माझ्या अंगणात नाही, इथे फक्त गायी ऐकतात. जिथे बाकीचे मानतोस तिथे."

"चर्चमध्ये?"

"नोव्हेंबरात तुमचा तो दिवस असतो ना, दुकानं बंद करून आभार मानायचा? त्या दिवशी."

आमच्याकडे शेतकरी व्यवहार करताना हातावर हात मारतात, आणि तसा मारलेला हात मागे घेता येत नाही. योझियासनं हात पुढे केला. त्याच शनिवारपर्यंत चराच्या काठावर नवा खांब उभा राहिला, आधीच्याहून उंच. आद्रियान्से संतापले. "देवानं थोबाडीत दिली तरी हा सुधारत नाही," ते म्हणाले, आणि मंडळीला पुन्हा नजर खाली ठेवायला सांगितलं. योझियास कारभारी होता, त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त खाली ठेवली. तान्ना म्हणाली, तो आता घोरतो.

त्या वर्षी आमच्याकडे पाळक नव्हता. ज्या पाळकांना आम्ही बोलावत होतो ते पुष्कळ प्रार्थना करून नकार कळवत होते. त्यामुळे कारभारी आळीपाळीनं व्यासपीठाखालच्या मेजाशी उभे राहून जुनं छापील प्रवचन वाचायचे आणि प्रार्थना आपल्या शब्दांत करायचे. उपकारस्तुतीच्या बुधवारी पाळी योझियासची आली.

चर्च गच्च भरलं होतं. मी शेगडी पेटवून दारापाशी बसले होते. मला त्या सौद्याची माहिती होती, तान्नाला होती, बाकी कोणाला नाही. तान्नानं माझ्याकडे वळून पाहिलं. जुलैत मिळालेला मान नोव्हेंबरात जाणार, पुढच्या बाकावरून मागे, कदाचित मंडळीतूनच बाहेर. आणि बोलला नाही, तर हातावर मारलेला हात खोटा. मला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती. मनात म्हणत होते, बोल रे बाबा एकदाचं, नाहीतर प्रवचनच वाचून घरी जा.

त्यानं प्रार्थना सुरू केली. पावसाबद्दल, उन्हाबद्दल, दुधाबद्दल. मग थांबला. इतका वेळ थांबला की लोकांच्या तोंडातल्या गोळ्या ऐकू येऊ लागल्या.

"आणि प्रभू," तो म्हणाला, "माझा शेजारी गुस्त बार्त याच्याबद्दल. त्याचा लोखंडी खांब तुझी वीज आणि माझं गवत यांच्यामध्ये उभा राहिला. त्याचं नुकसान झालं, माझं वाचलं. मी त्याला खांब पुन्हा उभा करायला सांगितलं, कारण मी घाबरलो होतो. मी त्याचे आभार मानतो. आमेन."

दुसऱ्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं हुंदका दिला.

उपासना संपल्यावर कारभाऱ्यांच्या खोलीत मी कॉफी नेली. योझियास उभा होता, घामानं डबडबलेला, शिक्षा ऐकायला तयार. आद्रियान्सेंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बंधू वेलेमन," ते म्हणाले, "चाळीस वर्षांत मी अशी नम्रता पाहिली नाही. वैऱ्यासाठी प्रार्थना सगळेच करतात. पण त्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेणं!"

"मी अंगावर वगैरे काही घेतलं नाही. मी खरंच सांगितलं त्याला. उभा कर म्हणून."

"पाहा! अजूनही!" आद्रियान्से बाकीच्यांकडे वळले.

"अहो, मी घाबरलो होतो! विजेला!"

"देवाच्या क्रोधाला," दुसरा कारभारी हळूच म्हणाला. "आम्हीही घाबरायला हवं. आम्ही घाबरत नाही, हाच आमचा दोष."

योझियासनं कॉफीचा पेला दाणकन ठेवला. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. तो चिडला याचंही त्यांना कौतुक वाटलं. पुढच्या वर्षी थोरला कारभारी कोण, हे त्या खोलीत त्याच क्षणी ठरून गेलं.

बाहेर येऊन त्यानं मला हाक मारली. "तू चल माझ्याबरोबर. तू ऐकलंस ना? त्याला सांग, मी बोललो म्हणून. माझ्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही."

गुस्तनं दार उघडलं. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. आद्रियान्सेंचं ऐकताना तो हसत सुटला, इतका की चौकटीला धरून खाली बसला. "म्हणजे मला शिव्या आणि तुला बढती!" तो म्हणाला. "या, आत या. उभे काय राहिलात?"

आम्ही आत गेलो. शेजारी राहून योझियास त्या घरात पहिल्यांदा येत होता. भिंत पुन्हा रंगवलेली होती. टीव्ही होता त्या कोपऱ्यात एक तिवई, तिच्यावर जिरेनियमची कुंडी.

योझियास इकडे तिकडे बघू लागला. "पेटी कुठे आहे?"

"कुठली पेटी? ती जूनमध्ये गेली ना. तुम्ही सगळे बघून गेलात."

"नवी आणली असशील."

"कशाला? डोळेही आता साथ देत नाहीत. शर्यत रेडिओवर ऐकतो. उलट बरं, ऐकण्यात माझाच माणूस नेहमी पुढे असतो."

"मग अँटेना?"

गुस्तनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो गावठी माणसानं उलटा जोडलेला पंप बघायचा. "योझियास, ऑगस्टपासून तो खांब तुझ्या कोठाराला चिकटून उभा आहे. एकदा तरी मान वर केलीस?"

गुस्तच्या मागोमाग आम्ही दोघं अंगणात आलो. मी वर पाहिलं, योझियासनंही पाहिलं. खांबाच्या टोकाला अँटेना नव्हती. नुसती टोकदार सळई होती, आणि तिच्यापासून तांब्याची पट्टी खाली येऊन चराच्या पाण्यात गेलेली. त्या खांबातून बेल्जियम तर सोडाच, काहीच दिसत नव्हतं. संपूर्ण गाव तीन महिने मान खाली घालून त्याला रविवारच्या टीव्हीबद्दल शिव्या देत होतं.

"तू सांगितलं का नाहीस?" योझियासनं विचारलं.

"कोणी विचारलं?"

"मी सांगतो. येत्या रविवारी. सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, की तो फक्त माझ्यासाठी..."

"गप्प बस!" गुस्त ओरडला. "अजिबात सांगू नकोस. आणखी काही खरं बोललास तर ते तुला थेट व्यासपीठावर चढवतील. चल, कॉफी थंड होते आहे."

आत येऊन आम्ही बसलो. गुस्तनं पेले भरले आणि बोलुस नावाचे साखरेचे चिकट पाव बशीत ठेवले. आमच्याकडे घोटभर कॉफीसुद्धा प्रार्थनेशिवाय घेत नाहीत. योझियासनं टोपी काढली, हात जोडले. मीही जोडले, आणि सवयीनं डोळे मिटले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही म्हणून मी हळूच उघडले. योझियासचे हात जोडलेले होते, पण डोळे मिटलेले नव्हते. तो गुस्तकडे बघत होता.

"असा काय बघतोस टकामका?" गुस्त म्हणाला, आणि त्याच्या हातातल्या किटलीतली कॉफी बशीवर सांडली. "पी की."